यादीतली शेवटची ओळ

येडशी
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. इथं सगळे मजेत. भाऊजींचा गुडघा कसा आहे? तात्यांचा परवा माहेराहून, ईटहून फोन आला होता. हुरडा संपत आला तरी दोघी बहिणींना सवड नाही म्हणून रुसून बसलेत. तू तुळजापूरहून एक दिवस काढ, मीही येते.

हातानं लिहिलेलं पत्र बघून तू म्हणशील, ह्या पोरीला आता हे काय नवीन सुचलं? फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू मला मध्येच थांबवतेस, आणि टाइप करायची मला भीती वाटायला लागली आहे. हसू नकोस. सगळं सांगते. शेवटी तुला एक गोष्ट विचारायची आहे, ती विचारायचा धीर यावा म्हणूनच एवढा कागद घेतलाय.

मागच्या मंगळवारी तुझा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला होता. तू म्हणालीस, "अक्षरे, ऐकतेस का?" आणि मी मान वळवून दाराकडं बघितलं. मला वाटलं, कुणी बाई आली आहे आणि तू तिला हाक मारतेस. पुन्हा हाक मारलीस तेव्हा कुठं कळलं की ती मीच. एकतीस वर्षं ज्या नावानं वाढले, त्या नावाला मी ओ दिली नाही, ताई. कणकेचा हात तसाच धरून किती वेळ उभी होते कुणास ठाऊक.

इथं मला सगळे श्रिया म्हणतात, हे तुला माहीत आहेच. लग्नात अनिरुद्धनं ताटातल्या तांदळात अंगठीनं तेच नाव लिहिलं. मला तेव्हा आवडलं होतं. सासरी पाऊल ठेवलं तर मांडणीतल्या भांड्यांवरही नाव घातलेलं, 'सौ. श्रिया अनिरुद्ध'. तुला लिहिलं होतं ना मी, की बघ, किती हौशी माणसं आहेत, सून यायच्या आधीच तिच्या नावाची भांडी तयार? शेजारणीही पहिल्या दिवसापासून न अडखळता श्रिया म्हणायच्या. मला कौतुक वाटायचं. मग एकदा घागर उपडी घालून घासताना बुडाला तारीख दिसली. २६-४-२०१९. माझं लग्न २०२३ च्या डिसेंबरातलं.

अनिरुद्धची पहिली बायको क्षमा, हे तूच सांगितलं होतंस. ते तिचं माहेरचं नाव. ह्या घरात ती श्रियाच होती. सासूबाईंना मी विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. उलट मलाच वेड्यात काढलं. म्हणाल्या, "तोंडात बसलेलं नाव आहे. भांडी आहेत, डबे आहेत, कशाला सगळं नव्यानं करायचं?" त्या वाईट नाहीत गं. पहिला घास मला वाढतात. दुष्टपणा असता तर मी चांगली भांडले असते.

आता माझ्या कामाचं. ऐकताना तुला जांभया येतात, पण आज ऐक. दूध डेअरीवर वजन आणि फॅट मोजायचं यंत्र असतं ना, त्याचं सॉफ्टवेअर अनिरुद्धची कंपनी करते. माडीवरच्या खोलीत तीन कॉम्प्युटर, त्यातला एक माझा, एवढीच कंपनी. सॉफ्टवेअर डेअरीला द्यायच्या आधी त्याचे सुटे भाग जोडावे लागतात, त्याला बिल्ड म्हणतात. कसं जोडायचं ते एका फाइलीत लिहिलेलं असतं. तिथं वीस ओळी पुन्हा पुन्हा लिहायच्या ऐवजी एकच शब्द वापरतात. त्या शब्दाला मॅक्रो म्हणायचं.

मॅक्रो जुने होतात, त्यांच्या जागी नवे येतात. पण जुना शब्द लगेच काढून टाकत नाहीत. यंत्राला तो कळतो, कामही होतं, फक्त पडद्यावर सूचना येते की हे नाव जुनं झालं, अमुक वापरा. ते बदलण्याचं काम आमच्याकडं आपोआप होतं. रोज सकाळी साडेसातला एक प्रोग्रॅम सुरू होतो. त्याच्याजवळ यादी आहे, डाव्या बाजूला जुनी नावं, उजव्या बाजूला नवी. तो सगळ्या फाइली चाळतो आणि डावीकडचं दिसलं की उजवीकडचं टाकतो. हा प्रोग्रॅम क्षमानं लिहिला. लई हुशार बाई. तिचं काम वाचताना मला नेहमी वाटतं, आपली ओळख व्हायला हवी होती.

प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं नाव असतं. घागरीवरची तारीख बघितल्यापासून मी हट्टानं तिथं 'अक्षरा' लिहायला लागले. घरात नाही तर नाही, निदान माझ्या कामावर माझं नाव असू दे. दुसऱ्या दिवशी बघते तर 'श्रिया'. मला वाटलं चुकून झालं असेल. पुन्हा लिहिलं, पुन्हा श्रिया. तिसऱ्या दिवशी साडेसातला मी समोर बसून राहिले. सासूबाई खाली देवपूजा करत होत्या, घंटी ऐकू येत होती. पडद्यावर ओळी सरकत गेल्या, आणि त्यात हे आलं: अक्षरा, हे नाव जुनं झालं आहे, श्रिया वापरा.

मग मी ती यादी उघडली. सव्वाशे ओळी. पहिलीच ओळ, क्षमा, तिच्यापुढं श्रिया. लग्न होऊन आल्यावर तिनं स्वतःच घातलेली. सासरचं नाव लागलं म्हणून आधीच्या फाइलींतही तेच असावं, असं तिला वाटलं असेल. मधल्या सगळ्या ओळी कामाच्या. आणि अगदी शेवटची ओळ, अक्षरा, तिच्यापुढं श्रिया.

मी ती खोडली. सकाळी ती परत होती. चार वेळा खोडली, चारही वेळा परत आली. अनिरुद्धला विचारलं, त्यानं नजर वर केली नाही. म्हणाला, यादीची मूळ प्रत दुसरीकडं कुठंतरी आहे, रोज तिथूनच येते, आणि तिचा पासवर्ड फक्त क्षमाला माहीत होता. मी म्हटलं, माझं नाव त्यात कुणी घातलं? त्यावर तो एवढंच म्हणाला, "त्या यादीला हात लावू नको. बिल्ड तुटतं." आणि खाली चहा प्यायला गेला.

त्या दिवसापासून मला माझंच काही सांगता येत नाही. परवा वरच्या फळीवर हिंगाच्या डबीमागं हात घातला आणि केसांची पिन काढली. ती तिथं आहे हे मला कुणी सांगितलं होतं? मला आठवत नाही. माझ्या हाताला मात्र माहीत होतं. सासूबाई म्हणाल्या, ती तुझी नेहमीची जागा. मी ती पिन केसांत लावलीसुद्धा. दुपारपर्यंत लक्षात आलं नाही.

उगी भुताखेताचं बोलत नाही मी. मॅक्रोसारखं होतंय हे, ताई. नाव बदललं की बाकी काही बदलावं लागत नाही. मला भीती आहे ती एवढीच, की एक दिवस मी स्वतःच अक्षरा लिहायची विसरेन, आणि मग ती सूचनासुद्धा यायची नाही. अडवणारं कुणी उरायचं नाही.

आता जे विचारायचं ते. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढं तारीख असते. माझ्या नावाच्या ओळीपुढं तारीख आहे २ फेब्रुवारी २०२३. क्षमा गेली त्याच वर्षी १९ मार्चला. पासवर्ड फक्त तिच्याजवळ, म्हणजे ती ओळ तिनंच घातलेली. तात्यांना आपण सांगितलं की स्थळ मे महिन्यात आलं. सगळ्या पाहुण्यांना तेच सांगितलं, आणि सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. मग फेब्रुवारीत तिला माझं नाव कुठून कळलं? माझा फोटो आणि माहिती तू ह्या घरी नेऊन दिलीस, तेव्हा ती कुठल्या खोलीत होती? जागी होती का? तिच्यासमोर बोललात का तुम्ही?

तुझ्यावर सगळं ढकलावं म्हणून लिहायला बसले होते, खरं सांगते. तीन पानं तेच चाललंय. पण त्या ओळीच्या शेवटी अजून काहीतरी आहे. यंत्र जे वाचत नाही, फक्त पुढच्या माणसानं वाचावं म्हणून लिहितात, तशी टीप. इतक्या दिवसांत मी ती नीट वाचलीच नव्हती. तिनं लिहिलंय, 'हिला तरी विचारा.'

तिला कुणी विचारलं नव्हतं, ना नाव बदलताना, ना तिच्या जागी दुसरी बघताना. मला निदान विचारावं, एवढंच तिनं दुखणं काढत, उठून बसून लिहिलं.

आणि मला विचारलं होतं, ताई. त्या वर्षीच्या संक्रांतीला तूच विचारलंस. म्हणालीस, बाई अजून आहे पण डॉक्टरांनी हात टेकलेत, माणसं चांगली आहेत, फोटो देऊ का? मी हो म्हणाले. एवढंच म्हणून थांबले असते तरी चाललं असतं. तू फोन ठेवत होतीस, तेव्हा मी तुला थांबवून विचारलं होतं, "अजून किती दिवस जातील?" त्यानंतर दोघींनी तो विषय कधी काढला नाही.

म्हणजे इकडं ती माझ्यासाठी ती टीप लिहीत होती, आणि तिकडं ईटला मी तिचे दिवस मोजत होते.

हे श्रियानं केलेलं नाही. हे तिच्या नावावर घालता येणार नाही आणि कुठल्या प्रोग्रॅमनं बदलताही येणार नाही. म्हणून हे पत्र हातानं लिहिलं, आणि खाली जिचं नाव आहे तिनंच ते विचारलं होतं.

तुझी
अक्षरा