पंखा चालू होता

बोईसर,
शनिवार, ५ जुलै २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

आज सकाळची शाळा होती. साडेबाराला घरी आले. भात टाकला, दोरीवरचे कपडे आत घेतले. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून तुमच्या मुलासारखंच पत्र लिहिते आहे.

हे टाकीत गुदमरून गेल्याला उद्या चार महिने होतील. कंपनीने तुम्हाला पाठवलं तेच शोकपत्र मलाही दिलंय. माझ्या प्रतीखाली मात्र ‘वरील मजकूर मान्य’ असं छापून सहीला जागा ठेवली आहे. रसायनाची टाकी साफ करताना हवेचा पंखा चालू होता, सगळी साधनं दिलेली होती, कामावरच्या निष्ठेपोटी कुणी न सांगता हे आपणहून आत उतरले, असं त्यात आहे. भाग्येशभाऊजी म्हणतात, वहिनी, सही करून टाका, म्हणजे मला दादाच्या जागी कायम करतील. त्याच खात्यात, त्याच टाक्यांवर. माझा हात पुढे होत नाही. तुम्ही काय म्हणता ते कळवा.

शाळेत सातवीला ‘लेखकाचा हेतू’ शिकवते आहे. लिहिणाऱ्याने हे का लिहिलं, माहिती द्यायला, पटवायला की मन रमवायला, ते मुलांनी दोन उतारे शेजारी ठेवून ओळखायचं. बबलू म्हणून एक आहे. त्याच्या मते सगळ्या लेखकांचा हेतू एकच, बबलूला नापास करणं.

आईंच्या डोळ्याला जपा. माया आहे तशीच राहू द्या.

आपली,
वर्षाराणी


आष्टी,
१२ जुलै

चि. वर्षाराणी हिस,
अनेक आशीर्वाद. हात सवयीने ‘सौ.’ लिहायला गेला होता.

कंपनीचं पत्र मी काच लावून भिंतीवर टांगलंय. आल्यागेल्याला वाचून दाखवतो. शेजारचा नामदेव म्हणाला, झुंबरनाना, एवढ्या मोठ्या साहेबाने ‘निष्ठा’ लिहिलंय, पोराने नाव काढलं तुमचं. तुझी सासू रोज त्याला फूल वाहते. तिला वाचता येत नाही, पण खालचा शिक्का ती हात लावून बघते. तेव्हा सही करावीस असं मला वाटतं. भाग्येशचं तरी बस्तान बसेल.

कैलासचं शेवटचं पत्र सोबत पाठवतो. जाण्याआधी आठ दिवसांचं आहे. तुझ्याजवळच असावं. शाळेतल्या पोरांना फार मारू नकोस, विशेषतः त्या बबलूला. मीही तसाच होतो.

आम्हा म्हाताऱ्यांची आठवण ठेव.

तुझा,
मामा


बोईसर,
१९ जुलै

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

यांचं पत्र मिळालं. त्यातल्या चार ओळी तुम्ही वाचल्याच आहेत: ‘टाकीचा पंखा पंधरा दिवस बंद आहे. साहेबांना सांगितलंय. आत थोडं डोकं जड होतं, एवढंच. बाकी मजेत.’

करायला नको होतं ते मी केलं. कंपनीचा मजकूर आणि या ओळी नावं न घालता हाताने उतरवून वर्गात दिल्या. एक ओळ वर लिहिली, की दुसरा उतारा मुलाने वडिलांना लिहिला आहे.

वैभवी म्हणाली, पहिल्याचा हेतू त्या माणसाचं कौतुक करणं. बबलूने विचारलं, बाई, पण पंखा नक्की चालू की बंद? मग उन्नती उठली. ती एडवणची, तिचे वडील बोटीवर असतात. म्हणाली, बाई, पयला कागद कोणी काय इचारू नये म्हणून लिवलाय. नि दुसरा बापाला झोप लागावी म्हणून. आमचा बाबा बोटीवरून सांगतो, वारा थोडा हाय, तवा आय जेवत नाय. घरच्यांना सांगताना कोण वाढवून सांगत नाय, बाई. कमीच करतो.

मी खडू खाली ठेवला. तास संपल्यावर फळा पुसायला रोज भांडणारी मुलं आज भांडली नाहीत. 

मामा, सही मी केलेली नाही. पण खात्याने सोमवारपासून भाऊजींना शिकाऊ म्हणून टाकीवर घेतलंच आहे. माझं ऐकत नाहीत. तुम्ही त्यांना लिहा.

आपली,
वर्षाराणी


आष्टी,
२४ जुलै

चि. वर्षाराणी,
आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आधीच भाग्येशचं पत्र आलं होतं. त्याचं पहिलंच. ‘पंखा आता चालू आहे. डोकं थोडं जड होतं, एवढंच.’ वाचून दाखवलं तेव्हा सासूला तुझ्या बरं वाटलं होतं. मग तुझं पत्र आलं आणि त्या पोरीसारखं मी ते पुन्हा वाचलं.

काच उतरवली. भिंतीवर चौकोन राहिलाय. सासूने का म्हणून विचारलं, तिला अजून सांगितलेलं नाही.

त्याला लिहून उपयोग नाही, समोर उभं राहायला हवं. बुधवारी हिच्या डोळ्याची पट्टी सुटते. गुरुवारी पहिल्या एसटीने निघतो. तोवर त्याला सांभाळ.

मामा


बोईसर,
शनिवार, २६ जुलै

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

गुरुवारची वाट पाहू नका. आईंजवळ नामदेवरावांच्या घरचं कुणी बसवा आणि पत्र मिळताच निघा.

आज सकाळी भाऊजींनी यांचा जुना गमछा मागितला, नाकाला बांधायला. पंखा चालू आहे ना, असं मी विचारलं. हसले. म्हणाले, हो वहिनी, वास थोडा येतो एवढंच. जेवण अर्धं टाकून झोपले आहेत. डोकं दुखतंय असं म्हणाले नाहीत. दुपारची पाळी आहे, दोनला बस येईल.

तुमच्या आधाराची आज फार गरज आहे.

आपली,
वर्षाराणी

ता. क. टाकीच्या पंख्याचं गेटवर कुणी विचारत नाही, पण जाड बूट आणि ओळखपत्र नसेल तर वॉचमन आत सोडत नाही. भाऊजींचं ओळखपत्र मी तांदळाच्या डब्यात तळाशी घातलंय. बूट बादलीत बुडवलेत. ऊन नाही, दोन दिवस तरी वाळायचे नाहीत. वाळले तर पुन्हा भिजवीन. आता ब्रश घेऊन बूट घासायला मोरीत बसते.