दोघींत एक केक

प्रिय स्तोयांकाताई,

आधी तुझ्या गुडघ्याला नमस्कार, मग तुला. तो बरा असेल तरच तू हे पत्र शांतपणे वाचशील. दाजींचा खोकला थांबला का? आमच्या घरात परवापासून कोणी कोणाशी बोलत नाही, बाकी सगळं ठीक.

त्याचं असं झालं. सोफियाहून जुळ्यांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या. जुळ्यांना घरात सारखंच वाढवतात का, एवढंच त्यांना हवं होतं. मी छाती फुगवून सांगितलं, माझ्या इग्लिका आणि तेमेनुगाइतक्या सारख्या मुली साऱ्या बल्गेरियात सापडणार नाहीत: एकाच ताग्याचे कपडे, शाळेत एकच बाक, आणि दोघींची नावं फुलांची, म्हणून फुलांच्या रविवारी, फुलांची नावं असलेल्यांच्या सणाला, केकही एकच. (तुझ्या जुळ्या इलिया-दिमोचंही सांगितलं, त्यांचा थाट निराळा. एक काळा लांबुडका, एक गोरा गोलमटोल. जुळे म्हटलं तर लोक हसतात. इलियाच्या नावाच्या सणाला जुलैत कोकरू भाजता, दिमोच्या सणाला ऑक्टोबरात दुसरं.) बाई म्हणाल्या, म्हणजे एका चेहऱ्याची जुळी आणि वेगळ्या चेहऱ्यांची जुळी सारखी वाढतच नाहीत, मग तुमच्या मुलींचा सारखेपणा रक्तातला की तुम्ही घडवलेला, हे ओळखायचं कसं? मी राकियाचा घोट घेतला. तेवढ्यात इग्लिका दारातून म्हणाली, "मला विचारा ना! दिमोला निदान स्वतःचं कोकरू तरी मिळतं. बाबा आम्हाला हाक मारतात, तीसुद्धा दोघींत एक!" परक्या बाईसमोर! माझ्या ग्लासातली राकिया सांडली.

आता ती म्हणते, बुर्गासला तुझ्याकडे राहून बंदरात वेल्डिंग शिकणार. एकटी. मी साफ नाही म्हटलं. एक गेली तर दुसरी झुरेल. (खरं सांगू? मीच झुरेन.) तिने बॅग भरून दाराशी ठेवलीय आणि मी तिथेच खुर्ची टाकून बसलोय. उठलो की ती जाईल, अशी भीती वाटते गं.

तुझा धाकटा,
वेल्को

ता. क. हे पत्र आणि चीज घेऊन तेमेनुगाला आठवडाभरासाठी पाठवतोय. ही गुणाची आहे. इग्लिकेला चार खडे बोल सुनावणारं पत्र लिहून हिच्याच हाती दे.

आणखी एक ता. क. आत्या, पाकीट मी बसमध्ये फोडलं, रागावू नकोस. मी इग्लिका. तेमेनुगानेच तिचा रुमाल माझ्या डोक्याला बांधून दिला; बाबा आम्हाला रुमालावरूनच ओळखतात. स्टँडवर बाबा डोळे पुसत मला म्हणाले, "बाळ, तू तरी इग्लिकेच्या नादी लागू नकोस." मला रडू आलं, पण मी हो म्हटलं. ठेवून घेशील ना?