गावाकडच्या आहेत

रविवार, संध्याकाळ. लासूर स्टेशन, घरी.

किळस येतेय स्वतःची. सकाळी मायला सहज म्हणालो, "चल, शहर पाहून येऊ," आणि समोर आलेल्या रेल्वेत चढलो. शहरात मुकुंदवाडीला उतरून दिसेल त्या सिटीबसमध्ये बसलो. माय लहान पोरीसारखी दुकानांच्या पाट्या मोठमोठ्यानं वाचत होती. इतकी खुश कधी पाहिली होती तिला?

तेवढ्यात ऑफिसातला मित्र चढला. "कोण या?" त्यानं विचारलं.

"गावाकडच्या आहेत," मी म्हणालो. का म्हणालो? पाट्या मोठ्यानं वाचते, एवढ्यासाठी?

मायनं ऐकलं. पदर सावरत त्याला म्हणाली, "व्हय, मी यांच्याच गावची." यांच्या! मग एकही पाटी वाचली नाही.

आत्ता ओट्यावर शेजारणीला सांगतेय, "लेकानं सगळं शहर दाखवलं."