चषकांच्या कपाटापाशी

११ जानेवारी, शनिवार

जिंकलो! २-१. अंगाचा नुसता भुगा झालाय. पोरगी आईस हॉकीची गोलकीपर, आणि आईने माझा एकही बचाव पाहिला नाही — नेहमीप्रमाणे.

बाबा आमच्या बाकांमागे घसा फोडत होते. आई बाहेर, चषकांच्या कपाटापाशी. इतक्या बर्फातून गाडी हाकत यायचं आणि मॅच सुरू झाली की बाहेर जाऊन उभं राहायचं! त्या कपाटातल्या जुन्या कप्तानांची नावं तिला तोंडपाठ आहेत. पोरीने आज काय अडवलं, ते मात्र बाबांना विचारायचं.

लहानपणी घरामागच्या गोठलेल्या तळ्यावर खेळताना पक, म्हणजे ती टणक रबरी चकती, माझ्या गळ्यावर बसला होता. आई खिडकीतून बघत होती. तेव्हापासून एकच पालुपद — "मी बघितलं की तुला लागतं."

१२ जानेवारी

आईने दिलेल्या खिम्याच्या पेस्टी, चांगल्या तळहाताएवढ्या भाजलेल्या करंज्या, ब्रिटाने एकटीने फस्त केल्या. माझी खोलीसोबतीण, आमची बचावाची खेळाडू. गुडघा मोडलाय, भूक नाही.

२५ जानेवारी, शनिवार

हिरव्या जर्सीवाल्यांच्या रिंकवर, त्यांच्या बर्फाच्या मैदानावर, हरलो. आई मात्र खुशीत! त्यांच्या गोलकीपरची आई, डोरीन, तीही बाहेरच उभी असते. चार वर्षांची मैत्री आहे दोघींची. "ती बिचारी मॅच बघितली की ओकते गं," आई सांगत होती, "त्यापेक्षा माझं बरं!"

हसावं की रडावं?

५ फेब्रुवारी, बुधवार

पंधराला कॉलेजची शेवटची मॅच. आपल्याच रिंकवर, हिरव्यांशीच. पुढच्या फेरीत आम्ही नाही, म्हणजे संपलं. उन्हाळ्यात दातांच्या दवाखान्यात नोकरी लागेल. हे पॅड गॅरेजमध्ये सडतील.

आज सराव संपल्यावर एकटीच गोलसमोर उभी राहिले. किती बघावंसं वाटतं या जागेकडे! उद्या इथे दुसरी कुणी उभी राहील, स्केटने बर्फ खरवडेल, दोन्ही खांबांना काठी लावेल. लावू दे. मला एवढंच हवंय — पक अडवावा, मास्क वर करावा आणि समोर आई दिसावी. एकदाच.

फोन केला. "आई, शेवटची आहे. बघशील?" तर म्हणते, "तिकडे थंडी फार आहे का गं?"

फोन ठेवून रडले. बाईसाहेब बाविशीच्या!

९ फेब्रुवारी, रविवार

बघते म्हणाली!!!

१६ फेब्रुवारी, रविवार

जिंकलो. ३-२. लिहायची लाज वाटतेय.

शेवटच्या वर्षाच्या मुलींना आई-बाबांबरोबर बर्फावर बोलावतात. आईच्या हातात गुलाब. "बसते हं मी," म्हणाली. आणि बसली! निळा कोट, बाबांच्या शेजारी, अगदी समोर. चार वर्षं जे मागितलं ते मिळालं.

आणि माझं ध्यान खेळात राहीना. प्रत्येक शॉटनंतर तिच्याकडे बघायचे. तिने तोंडावर हात घेतला की माझी नजर पकवरून उडालीच. पहिला गोल पायांमधून गेला. दुसरा तर आंधळ्यानेही अडवला असता! कोचने नुसतं माझ्याकडे बघितलं, बदली गोलकीपर उठून पाय मोकळे करायला लागली.

मध्यंतरात ब्रिटा लंगडत खाली आली. मी म्हटलं, "आईला सांग, बाहेर जा."

"डोकं ठिकाणावर आहे का? चार वर्षं माझे कान किटवलेस, आई बघत नाही, आई बघत नाही!"

"सांग गं!"

बर्फावर परतले तेव्हा खुर्ची रिकामी होती. मग एकही पक आत गेला नाही. कशी खेळले देव जाणे. काचेपलीकडे हिरव्या टोप्यांचा घोळका होता. तिसऱ्या डावात पाणी प्यायला मास्क वर करून वळले, तर त्यातली एक बाई, तोंडाला मफलर गुंडाळलेली, हिरव्या झेंड्याआडून काचेला नाक लावून माझ्याकडेच बघत होती. मी तिला जीभ काढून दाखवली. चांगली लांब!

मॅचनंतर आई कपाटापाशीच. "लोक ओरडत होते, म्हणजे चांगलं झालं असणार," म्हणाली आणि घट्ट धरलं. माफी मागायची होती, ती राहूनच गेली. जिची इतकी वाट पाहिली तिला मीच हाकललं. आता पुन्हा बोलवायला मॅचच उरली नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी बाबांचा फोन. "त्या डोरीनचा पत्ता मिळव ना कुठून तरी. तिची हिरवी टोपी तुझी आई तशीच कोटाच्या खिशात घालून घरी आली."

"आईला कशाला हवी होती तिची टोपी?"

बाबा खो-खो हसत सुटले. मागून आईचा आवाज — "द्या इकडे!" मग फोनवर तीच, एकदम जवळ.

"काय गं, आईला जीभ दाखवतात का?"