गुडघ्याखाली

मंगळवार, ४
अंगठा गेला, शेजारची दोन बोटंही. मधुमेह पंधरा वर्षं दार वाजवत होता, मी घरात नसल्यासारखा बसलो. आता आत शिरलाय — पायाकडून.

इस्पितळाची सालटी काढायला वही आणलीय; वर्तमानपत्रातला माझा रकाना शुक्रवारी जातो. पण पंचाईत. इथल्या डॉक्टरीणबाई स्टूल ओढून बसतात, पट्टी स्वतः सोडतात, जखमेपाशी नाक नेऊन वास घेतात. केसपेपरवर लिहिलेलं मला वाचून दाखवतात, मगच सही. "तुमच्याबद्दलच आहे. तुम्ही ऐकायला नको?"

तीस वर्षं लोकांबद्दल लिहितोय. एकालाही आधी वाचून दाखवलं नाही.

बुधवार, ५
वॉर्डातल्या मावशींनी भांडं सरकवलं. मी अवघडलो. "लाजता काय? मंत्री असो की मास्तर, भांड्यात फरक कळत नाही." हे वाक्य माझं असायला हवं होतं.

गुरुवार, ६
काळं वर चढतंय. बाई म्हणाल्या, उद्या सकाळी गुडघ्याखाली कापू. गुडघा राहिला तर कृत्रिम पायावर चालाल, गेला तर फार अवघड.

बायको चहाला गेली होती. मी हात जोडले — दोन दिवस द्या. कारण नव्हतंच, नुसती भीती. बाईंनी बराच वेळ जखम पाहिली. "ताप नाही म्हणून शनिवारपर्यंत थांबते. ताप आला की एक मिनिट नाही."

शुक्रवार, ७
बाई पाच वेळा येऊन गेल्या. रकाना पाठवला नाही. शिव्या घालायला कुणी सापडेना.

बायको म्हणाली, "अहो, आजच करणार होत्या ना?"
म्हटलं, डॉक्टरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

शनिवार, ८
सकाळी हुडहुडी. अक्षर नीट येत नाही. मावशी बाईंना बोलवायला धावल्यात.

मंगळवार, ११
पांघरुणाखाली चाचपलं. गुडघा नाही.

बायकोने बाईंना फैलावर घेतलं. "एवढं गोड बोलता, मग वेळेवर कापायला काय धाड भरली होती?" बाई स्टुलावर बसून सगळं ऐकत राहिल्या. "बरोबर आहे तुमचं. मी थांबायला नको होतं." एवढंच. माझ्याकडे बोट नाही, नजरसुद्धा नाही.

मी डोळे मिटून ग्लानीत पडलो. ग्लानी केव्हाच उतरली होती.

बुधवार, १२
बाईंनी वाचून दाखवलं — 'शस्त्रक्रिया लांबवण्याचा निर्णय माझा. तो चुकला.' सही करणार, तोच मी पेन मागितलं. खाली लिहिलं: 'रुग्णाने हात जोडून दोन दिवस मागितले होते. घरच्यांना सांगितलं नाही.'

कागद बायकोपुढे धरला. तिने चष्मा लावून वाचला. संध्याकाळी चहाला गेली, माझ्यासाठी आणला नाही.