डाव्या खांद्याची रायफल

बिटररूट खोरं, मोंटाना
२८ ऑक्टोबर १९८८

प्रिय ऑरिन,

तुझं पत्र मिळालं. आईचा गुडघा बरा आहे, डॉक्टरवरचा राग मात्र उतरत नाही. शिकारीच्या तळावरच्या स्वयंपाकासाठी बटाटे किती आणू, असं विचारलंयस. यंदा मी स्वयंपाकाला येणार नाही. शिकारीला येणार आहे. हसून झालं की पुढचं वाच.

गेल्या महिन्यात क्लेटसच्या दुकानातून रायफल घेतली. जुनीच आहे, हाताखाली दांडा असलेली. दांडा खाली-वर केला की पुढची गोळी चढते. तीनशे दहा डॉलर म्हणाला. नळीत उजेड धरून पाहिला, नळी स्वच्छ होती. पण स्क्रूंची डोकी पार झिजवून टाकलेली.

"कुणीतरी घरी उघडून बसलं होतं हिला," मी म्हटलं.

"बाई, घ्यायला आलात की नावं ठेवायला?"

"दोन्हीला."

दोनशे सत्तरवर आला. मग मी ती खांद्याला लावली, तर म्हणतो, "उलट्या खांद्यावर घेतलीत." म्हटलं, "तुमचा उलटा, माझा सुलटा."

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. बाबांनी मला दिलेली रायफल मी बदल्यात दिली. एकशे नव्वद धरले त्याने. रागव हवं तर. तिचा गोळी चढवायचा बोल्ट उजवीकडे, आणि मी डावरी. जेवते डाव्या हाताने, हे पत्रही डाव्याच हाताने लिहितेय, नेम तेवढा उजव्या खांद्यावरून धरायचा. बाबांनी तसं शिकवलं होतं आणि मला त्यांचं मन मोडवत नव्हतं.

पहिल्याच वर्षी नेम चुकला, तेव्हा रिवाजाप्रमाणे माझ्या शर्टाची मागची बाजू कापून तुम्ही तंबूत टांगलीत. त्याचं काही नाही, तुझेही दोन तुकडे तिथे आहेत. पण तुझा नेम चुकला तर वारा होता, माझा चुकला तर मी बाई होते. तू मला पातेल्यांपाशी बसवलंस आणि मी एकोणीस वर्षं तोंड उघडलं नाही. त्याबद्दल मला तुझ्यापेक्षा माझाच राग जास्त येतो.

मंगळवारी सकाळी ओढ्यापलीकडे पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा नर आला. आठ फाट्यांची शिंगं, ऐंशी पावलांवर. डावा खांदा, डावा डोळा, एक गोळी. दुसरी चढवावीच लागली नाही. वीसेक पावलं गेला आणि कोसळला. मी एकटीच मोठमोठ्याने हसत होते. आईने काळीज कांद्यावर परतलं. म्हणाली, "तुझ्या बापाने हे बघायला हवं होतं." मग रडली. मीही रडले.

तुझ्या हाती अजून काही लागलं नाही, असं तीच म्हणाली.

तर पुढच्या शनिवारी मी येतेय. बाबा बसायचे ती डोंगराची पश्चिमेची धार मला हवी आहे. विचारत नाहीये, सांगतेय. हरणाचा परवाना वापरून झाला, त्याहून मोठ्या एल्क सांबराचा अजून खिशात आहे.

तुझ्याहून सात वर्षांनी मागे आणि एका हरणाने पुढे असलेली
तुझी बहीण,
सिग्ने