हसू, एक नग

प्रिय उचकी,

माझा घसा ठणठणीत आहे. गेला महिनाभर फोनवर तुला जे ऐकवलं, घसा बसलाय, गुळण्या चालू आहेत, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय, ती सगळी थाप होती. खोकलासुद्धा खोटा, बावीस वर्षं आवाजावर पोट भरलेल्या माणसाला तेवढा खोकला जमतो. तुझ्या आईने यात मला साथ दिली नाही. तुझा फोन आला की ती स्वयंपाकघरात निघून जायची आणि भांडी जरा जास्तच आपटायची. आज सकाळी तिने माझ्यासमोर कागद-पेन ठेवलं आणि म्हणाली, बोलायला तोंड नसेल तर निदान लिही. म्हणून लिहितोय.

तू मागितलंस ते काही फार नव्हतं. वीस सेकंदांचं हसू. कान दुखून गेल्यापासून तुझा छोट्या डोक्यावरून पाणी घेईना, आंघोळ म्हटलं की घर दणाणून सोडतो. तुला आठवलं, की तू त्याच्याएवढी असताना केस धुवायच्या वेळी मी ढेरू पाणघोडा व्हायचो आणि तू रडायचं विसरायचीस. टीव्हीवरच्या नव्या जाहिरातीतला ढेरू तू त्याला ऐकवून पाहिलास, तर त्याने आणखीच भोकाड पसरलं. म्हणून खरा ढेरू पाठव बाबा, असं तू लिहिलंस. वर त्या जाहिरातीबद्दल माझं अभिनंदनही केलंस, आणि मी ते मुकाट्याने खिशात घातलं. त्या जाहिरातीत मी नाही.

सगळं पहिल्यापासून सांगतो, कारण आजवर तुला तुकडे तुकडे सांगितले आणि तेही माझी बाजू बरी दिसेल असे. कंपनी बुडाली हे तुला माहीत आहे. का बुडाली ते आम्हालाही उशिराच कळलं. मुलांचा एक कार्यक्रम, त्यात एक जांभळा पाणघोडा, त्याच्या चित्राचे डबे, दप्तरं, टूथब्रश, एवढ्यावर आमचं बरं चाललं होतं. पोशाखात मी, आवाजात मी, आणि पोशाख शिवणारा आपला टाचणी. मग मालकांच्या डोक्यात ढेरूनगरी शिरली. पाण्याच्या घसरगुंड्या, फिरते पाळणे, दिवसाला दहा हजार माणसं. त्यासाठी कर्ज, त्या कर्जाचं व्याज फेडायला दुसरं कर्ज, आणि दर वेळी आम्हाला बोलावून चहा पाजायचे आणि सांगायचे की ढेरू आहे तोवर काळजी नाही. ढेरूनगरीचं फक्त प्रवेशद्वार बांधून झालं. तीन मजली उघडं तोंड, आणि तोंडातून आत गेलं की मोकळं माळरान. तिथे आता ट्रकवाले सावलीला गाड्या लावतात.

मग बँकेने हात वर केले. शंभराचं कर्ज तिने अठराला विकून टाकलं. टाचणीने हे सांगितलं तेव्हा मला वाटलं तो माझी फिरकी घेतोय. कर्ज म्हणजे काय भाजी आहे, संध्याकाळी उरली म्हणून स्वस्तात द्यायला? पण असा धंदाच असतो म्हणे. बुडीत कर्जं पडत्या भावात उचलायची आणि मग बुडालेल्या कंपनीतून निघेल तेवढं काढून घ्यायचं. अठराच लावायचे होते तर आम्हीच वर्गणी काढली असती, असं मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो आणि सगळे हसले. ज्यांनी आमचं कर्ज असं विकत घेतलं ती माणसं एकदा स्टुडिओत आली होती. मला वाटलं होतं कोणीतरी मिशांवर ताव देत येईल. तर ती तरुण, नीटनेटकी, अतिशय नम्र पोरं निघाली. एकाने माझ्यासोबत फोटो काढला. त्याच्या पहिल्या दप्तरावर ढेरू होता म्हणाला. त्यांच्यावर धड रागावताही येईना.

कोर्टाने एक प्रशासक नेमला. त्याच्या माणसांनी दोन दिवस फिरून दिसेल त्या वस्तूला नंबराची चिठ्ठी चिकटवली. दिवे, खुर्च्या, आरसे, ढेरूचं डोकं, डोक्याच्या आतला दोन सेलवर चालणारा पंखा. माझा चहाचा कप खिडकीत होता, तू पहिल्या पगारातून आणलेला. त्यालाही चिठ्ठी लागली, दोनशे बारा. मी म्हटलं हा माझा आहे, तर त्यांनी पावती मागितली. कपाची पावती कोण जपून ठेवतं? मी खूप आवाज चढवला, ढेरूचाही चढवून पाहिला, पण कप तिथेच राहिला. मग ज्यांचे पैसे अडकले होते त्यांनी अर्ज भरायचे होते. टाचणी आणि मी कंत्राटावरचे, त्यामुळे आम्ही कर्मचारी नाही, पुरवठादार. यादीत माझ्या वर पाण्याचे जार देणारा आणि खाली झुरळं मारणारा. पुरवलेल्या मालाचं वर्णन, असा एक रकाना होता. मी बराच विचार करून लिहिलं, हसू. पुढे विचारलं होतं, किती नग. काउंटरवरच्या बाईंनी ते वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच तिथे एक असं लिहून टाकलं.

पुढे त्याच हसण्याने घात केला. कंपनी घ्यायला एकच गिऱ्हाईक पुढे आलं, आणि त्याला इमारत, यंत्रं, ते उघडं तोंड, काही नको होतं. फक्त ढेरू हवा होता. नाव, चेहरा आणि हसू. त्यांच्या वकिलांनी कागद चाळले. नावाची नोंद होती, चेहऱ्याचीही होती. हसू, एक नग, यासमोर मात्र मालकी अस्पष्ट असा शेरा होता. बावीस वर्षांत ते हसू कोणाचं याचा कागद माझ्याकडून कोणी करून घेतला नव्हता आणि माझ्याही कधी डोक्यात आलं नव्हतं. हसू नाही तर सौदा नाही, असं त्यांनी कळवलं. सौदा नाही तर कोणालाच काही नाही. म्हणजे साठ माणसांचं घोडं माझ्या एका हसण्यापाशी येऊन अडलं.

सही कर असं मला कोणी म्हणालं नाही, हे लक्षात घे. म्हणाले असते तर मी भांडलो असतो. भांडायला मला आवडतं, तुला माहीतच आहे. मेकअपवाली नुसती तब्येत विचारायला फोन करायची, आठवड्यातून तीनदा. टाचणी घरी आला आणि तासभर क्रिकेटवर बोलत बसला. त्याचे अकरा महिन्यांचे पैसे अडकले होते आणि घरमालकाने महिनाअखेरची मुदत दिली होती, हे मला दुसऱ्याकडून कळलं होतं. त्याने तो विषय काढलाच नाही. जाताना माझ्या शर्टाचं बटण लोंबतंय असं त्याला दिसलं. त्याने खिशातून सुई काढली, मला उभं करून बटण लावून दिलं, दाताने दोरा तोडला आणि येतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी त्या गिऱ्हाइकाच्या वकीलबाईंकडे सही करायला गेलो.

नऊ पानं होती. सर्व माध्यमांत, कोणत्याही स्वरूपात, सर्व काळासाठी, सबंध विश्वात ते हसू आता त्यांचं. मी म्हटलं, म्हणजे चंद्रावर गेलो तरी पंचाईत. वकीलबाईही हसल्या. मग मी सहज विचारलं, घरी नातवासमोर हसलो तर चालेल ना? त्या थांबल्या, एक पान उलटलं, मागचं पुन्हा पाहिलं आणि विचारून कळवते म्हणाल्या. चार दिवसांनी कळवलं, की खासगी वापराला परवानगी असल्याचा करारात उल्लेख नाही. घरात कोण बघायला येणार, असं तू म्हणशील. तुझी आईही तेच म्हणते. पण रेकॉर्ड करून पाठवलेली गोष्ट एका फोनवर थांबत नाही, कौतुकाने तूच ती चार जणांना पाठवशील, आणि मी सही केलेला माणूस आहे. घाबरतो मी, झालं. आजवर कोणाच्या बापाला घाबरत नाही असं तुला सांगत आलो, ते आता मागे घेतो.

आणि एवढं करून काय मिळालं? कर्ज विकत घेणाऱ्यांनी आधी आपला वाटा घेतला, मग प्रशासकाची फी, वकिलांची फी, मग पगारी कर्मचारी, आणि पुरवठादारांपर्यंत येईस्तोवर पातेलं खरवडून झालं होतं. टाचणीला दीड महिन्याचे पैसे मिळाले. खोली सोडावी लागलीच. आता तो भावाकडे राहतो आणि लोकांचे पडदे शिवतो. मला मिळाले त्यात तुझ्या आईने आणि मी चष्मे केले. नव्या मालकांनी माझं हसू कॉम्प्युटरला शिकवलं. ते आता थकत नाही, त्याला श्वास घ्यावा लागत नाही, आणि ते पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या एका ॲपच्या नोकरीत आहे. कर्ज मंजूर झालं की ढेरू हसतो. मी ते पहिल्यांदा दातांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलो असताना ऐकलं, शेजारच्या बाईंच्या फोनमधून. थकलेल्या, भल्या चेहऱ्याच्या बाई. हसू वाजलं तसा त्यांनी फोन चटकन पर्समध्ये टाकला. नका हो घेऊ, असं सांगावंसं वाटलं. पण मी कोण म्हणून सांगणार होतो? माझा नंबर आला आणि मी आत गेलो.

तरी तुझा निरोप आल्यावर मी प्रयत्न केला. बाथरूमचं दार लावलं, नळ सोडला, टॉवेल डोक्यावर घेतला. ते हसू तुला पाठ आहे. तीन छोटे, मग श्वास अडकतो, आणि मग तो चौथा, ज्याच्यावर पोरं गडाबडा लोळायची. अक्षरांत लिहून दाखवत नाही, कोणत्याही स्वरूपात असं करारात आहे. तीन आले. चौथा आला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, तिसऱ्या दिवशी बसून केलं, एकदा पोटभर पाणी पिऊन केलं. श्वास अडकतो तिथेच अडकून राहतो. तुझी आई बाहेरून ओरडली की नळ बंद कर, पाणी वाया जातंय. मी नळ बंद केला आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो, टॉवेल डोक्यावर घेऊन.

आता जे तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही, ते. त्या नऊ पानांच्या शेवटी एक प्रतिज्ञापत्र होतं, की हे हास्य माझी स्वतःची मूळ निर्मिती आहे. त्याखाली मी सही केली आणि ते धडधडीत खोटं आहे. तू अडीच वर्षांची होतीस. मी तुला आंघोळ घालून आणली, तोच टॉवेल माझ्या डोक्यावर टाकून आंधळ्यासारखा दारावर जाऊन आपटलो, आणि तू हसलीस. तीनदा हसलीस, मग तुझा श्वास अडकला, मग उचकी आली, आणि स्वतःच्याच उचकीला दचकून तू पुन्हा हसलीस. तुझं नाव उचकी त्याच दिवशी पडलं. दुसऱ्या दिवशी मला आवाजाच्या चाचणीला बोलावलं होतं आणि पाणघोडा हसतो कसा याची मला काहीच कल्पना नव्हती, तेव्हा मी तू जशी हसलीस तसा हसलो. काम मिळालं. पुढे तू ढेरू माझे बाबा आहेत म्हणून शाळाभर मिरवायचीस आणि मला ते आवडायचं, म्हणून गप्प राहिलो. मग चौथीत असताना तू एक दिवस रडत घरी आलीस. वर्गातली मुलं म्हणाली होती की तू ढेरूची नक्कल करून हसतेस. तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. मी बोललो नाही. त्यानंतर तू तोंडावर हात ठेवून हसायला लागलीस, आणि आजही व्हिडिओ कॉलवर तशीच हसतेस. मला दर वेळी दिसतं.

म्हणून हे पत्र. छोट्याला आंघोळीला बसव, टॉवेल डोक्यावर घे, तोंडावरचा हात काढ आणि हस. त्या कागदावर सही माझी आहे, तुझी नाही. येईल की नाही मला माहीत नाही. इतक्या वर्षांत तो चौथा तुझ्याकडेही उरला नसेल, तर ते माझ्यामुळे झालं, आणि त्यावर माझ्याकडे काहीही उपाय नाही. पण आलाच, तर रेकॉर्ड करू नकोस. त्या वेळी फक्त मला फोन लाव आणि फोन खिडकीत ठेवून दे. मी बोलणार नाही, खोकणारही नाही. ती नऊ पानं काल पुन्हा नीट वाचली. ऐकायला मनाई कुठेच नाही.

तुझाच,
बाबा